हार्ड डिस्क बिघडली, माहिती नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हार्ड डिस्क बिघडली म्हणजे तिच्यातली माहिती गेली, असं आपण धरून चालतो. ही समजूत बरोबर नाही. घराचं कुलूप नादुरुस्त झालं म्हणून आतलं सामान नाहीसं होत नाही. आपल्याला आत जाता येत नाही, एवढंच. हार्ड डिस्कचंही बहुतेक वेळा तसंच असतं. माहिती जिथं लिहिली होती तिथं ती शाबूत असते, ती वाचणारी यंत्रणा बंद पडलेली असते. अशा बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देण्याचं काम मी पुण्यात गेली वीसेक वर्षं करतो आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. माहिती कायमची जाते ती पुष्कळदा डिस्क बिघडल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, आणि बहुधा घरच्यांच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या तरी हातून. त्या एक-दोन दिवसांत काय करावं आणि काय करू नये, हे आज मुख्यतः सांगायचं आहे. पण 'करू नका' असं नुसतं म्हणून माणसाला पटत नाही. का करू नये हे कळायला डिस्कच्या पोटात काय असतं, ते आधी बघावं लागेल.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि सगळा पसारा दोन मोठ्या कपाटांएवढा होता. एवढ्या पसाऱ्यात मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबानं बोलायचं तर मोबाइलवर काढलेला जेमतेम एखादा फोटो. आता साडेतीन इंची डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट माहिती मावते. मात्र मूळ कल्पना तीच राहिली आहे. गरगर फिरणारी तबकडी, तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर, आणि त्या थरावर बारीक बारीक चुंबकीय खुणा करणारं व त्या वाचणारं एक हेड.

जुन्या ग्रामोफोनची आठवण इथं अनेकांना होईल. पण दोहोंत मोठा फरक आहे. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हार्ड डिस्कचं हेड कधीच टेकत नाही, किंबहुना टेकता कामा नये. तबकडी वेगात फिरते तेव्हा तिच्यालगतची हवाही फिरते आणि त्या हवेच्या गादीवर हेड तरंगतं. हे अंतर आजच्या डिस्कमध्ये अवघं काही नॅनोमीटर असतं. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरा, म्हणजे कल्पना येईल. टेबलावरच्या संगणकातली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते. म्हणजे तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं हेडखालून जात असते. या वेगात आणि या अंतरात धुळीचा एक कण आला, तर हेडच्या दृष्टीनं तो रस्त्यात आडवा पडलेला धोंडाच. इतक्या क्षीण खुणा वाचणारी हेड बनवण्यासाठी ज्या भौतिक परिणामाचा उपयोग झाला, तो शोधणाऱ्या आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग या दोन शास्त्रज्ञांना २००७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या टेबलावर निमूटपणे पडलेली ही डबी इतकी नाजूक आणि इतकी बुद्धिमान वस्तू आहे.

आता बिघाड कोणकोणते होतात ते पाहू. सोयीसाठी त्यांचे चार प्रकार मानू.

पहिला प्रकार खरं तर डिस्कचा बिघाडच नसतो. डिस्क ठणठणीत असते, पण फाइल चुकून पुसली गेलेली असते किंवा डिस्क फॉरमॅट झालेली असते. ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. पुस्तकं कपाटात असतात आणि कोणतं पुस्तक कुठं आहे हे सांगणारी कार्डं दाराशी असलेल्या खणांत असतात. आपण फाइल 'डिलीट' करतो तेव्हा संगणक पुस्तक उचलून फेकत नाही. तो फक्त कार्डावर 'ही जागा रिकामी समजावी' अशी नोंद करतो. झटपट फॉरमॅटमध्ये कार्डांचे खणच नवे कोरे ठेवले जातात. पुस्तकं कपाटातच असतात आणि जाणकार माणूस ती शोधून काढू शकतो. अडचण येते ती नंतर. जागा रिकामी समजली गेल्यामुळं संगणक तिथं दुसरं काही लिहून ठेवतो, आणि मग जुनं पुस्तक खरोखरच जातं. आपण काही नवं साठवलं नाही तरी विंडोज आपल्या मनानं डिस्कवर सतत काहीबाही लिहीत असते. म्हणून फाइल पुसली गेल्याचं लक्षात आलं की पहिलं काम संगणक बंद करण्याचं. एक खबरदारी आणखी सांगतो. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये झटपट फॉरमॅटऐवजी पूर्ण फॉरमॅट केला, तर डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली जातात. त्यानंतर कुणाच्याही हाती काही लागत नाही.

दुसरा प्रकार विजेचा. विजेचा दाब एकदम वाढला, चुकीचा अडॅप्टर लावला गेला, की डिस्कच्या खालच्या बाजूचा सर्किट बोर्ड जळतो. डिस्क फिरतच नाही, कधी जळका वास येतो. तबकड्यांवरची माहिती मात्र सुखरूप असते. 'तसल्याच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून बसवला की झालं' असा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिस्कना तो पुष्कळदा लागूही पडायचा. आज पडत नाही. प्रत्येक डिस्कची हेड कारखान्यात तपासून त्यांची बारीकसारीक मापं त्याच डिस्कच्या बोर्डावरील एका चिपमध्ये लिहून ठेवलेली असतात. एकाच्या नंबरचा चष्मा दुसऱ्यानं लावावा तसं दुसऱ्या बोर्डानं होतं. जळक्या बोर्डावरची ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. म्हणून जळका बोर्ड कधीही फेकून देऊ नका.

तिसरा प्रकार हेडचा. डिस्क चालू असताना पडली, लॅपटॉपला जोराचा धक्का बसला, की हेड वाकतं किंवा निकामी होतं. मग एक ठरावीक आवाज येतो. टक्, टक्, टक्. घड्याळासारखा, एका लयीत. हेड तबकडीवर आपली जागा शोधत असतं, ती सापडत नाही, म्हणून ते मागं येतं आणि पुन्हा जातं. हा आवाज आला की तत्क्षणी वीज बंद करावी. कारण वाकलेलं हेड तबकडीला घासत असलं, तर प्रत्येक फेऱ्यागणिक चुंबकीय थर खरवडला जातो. मिनिटाला ७,२०० फेरे हा हिशेब इथं पुन्हा आठवावा. पाच मिनिटं 'बघू या चालते का' म्हणून डिस्क चालू ठेवली, तर ३६ हजार वेळा तो ओरखडा ओढला जातो.

चौथा प्रकार हळूहळू येणाऱ्या म्हातारपणाचा. तबकडीवरच्या काही जागा क्षीण होतात, वाचता येईनाशा होतात. संगणक अडखळतो, एखादा फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, मधेच सगळं थिजतं. डिस्क स्वतःच्या कारभाराची माहितीही तबकडीवरच एका राखीव जागी ठेवते. ती जागा खराब झाली तर डिस्क फिरते, आवाजही नीट येतो, पण संगणकाला ती दिसत नाही किंवा भलत्याच नावानं दिसते.

अशी डिस्क आमच्याकडे आली की आम्ही ती दुरुस्त करतो, असं लोकांना वाटतं. वास्तविक आम्ही ती दुरुस्त करत नाही. आजारी माणसाकडून मृत्युपत्रावर सही घ्यावी तितक्या लगबगीनं आम्ही तिच्याकडून एक पूर्ण नक्कल काढून घेतो. पुढचं सगळं काम त्या नकलेवर चालतं, मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही. नक्कल काढण्याची रीत घाईची नसते. साधा संगणक खराब जागी पोहोचला की तिथंच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतो आणि आधीच थकलेलं हेड मरून जातं. आम्ही आधी सोपं सोपं वाचून घेतो आणि अवघड जागा दिसली की उडी मारून पुढं जातो. मग उलट्या दिशेनं येतो. राहिलेले तुकडे शेवटी, डिस्कला विश्रांती देत देत. परीक्षेत येणारे प्रश्न आधी सोडवावेत हा शाळेतला उपदेश इथं तंतोतंत लागू पडतो. याच तत्त्वावर चालणारं 'डीडीरेस्क्यू' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जगभर वापरलं जातं.

हेड बदलायचं असेल तर डिस्क उघडावी लागते. ती आम्ही गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलावर उघडतो. तिथं एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नसावेत असा दंडक असतो. आपल्या बैठकीच्या खोलीत हेच कण लाखांनी मोजावे लागतील. नवं हेड दुकानात सुटं मिळत नाही. त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच सुमारास बनलेली चालू डिस्क विकत घेऊन तिचं हेड काढावं लागतं. एका डिस्कचा बळी देऊन दुसरीतली माहिती काढायची. या कामाला खर्च जास्त का येतो, ते यावरून लक्षात येईल. २०१३ पासून मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम वायू भरलेला असतो. त्या उघडणं आणखी जिकिरीचं असतं.

नक्कल मिळाल्यावर उरतं ते जुळवाजुळवीचं काम. कार्डांचे खण शाबूत असतील तर फाइली नावासकट, फोल्डरसकट मिळतात. खण गेले असतील तर एकेक पुस्तक चाळून ते काय आहे हे ओळखावं लागतं. यालाही युक्ती आहे. फोटोची फाइल ठरावीक खुणेनं सुरू होते आणि ठरावीक खुणेनं संपते. पीडीएफच्या सुरुवातीला तर चक्क 'पीडीएफ' ही अक्षरंच असतात. या खुणा शोधत सॉफ्टवेअर सगळी डिस्क पिंजून काढतं. मात्र अशा रीतीनं मिळालेल्या फाइलींना नावं नसतात. दहा हजार फोटो मिळतात, आणि त्यातला कोणता कोणत्या लग्नातला हे फोटोग्राफरनं डोळ्यांनी बघून ठरवायचं.

मराठी मजकुराबाबत इथं एक खास अडचण येते. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचं बहुतेक डीटीपीचं काम श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींत आणि त्यांच्या फॉन्टांत व्हायचं. त्यांतल्या पुष्कळ फाइलींमध्ये मराठी अक्षर दिसत असलं तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. दिवाळी अंकांची, पुस्तकांची कितीतरी जुनी कामं अशी आहेत. डिस्कमधून फाइल तर जशीच्या तशी मिळते, उघडल्यावर मात्र नुसती गिचमिड. तो फॉन्ट सापडेपर्यंत मिळून न मिळाल्यासारखी. असे जुने मजकूर ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते युनिकोडमध्ये बदलून ठेवावेत आणि मूळ फॉन्टही सोबत जपावेत.

आता एक अनुभव सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिका काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. नोकरीच्या काळात गावोगावी बदल्या झाल्या, तिथं त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. आधी टेपरेकॉर्डरवर, पुढं मोबाइलवर. तीनशेच्या आसपास ध्वनिमुद्रणं होती. कॅसेटना बुरशी आली म्हणून सगळं संगणकावर उतरवून घेतलं, ते एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर ठेवलं आणि कॅसेटा टाकून दिल्या. ती डिस्क चालू असताना टेबलावरून शहाबादी फरशीवर पडली. टक् टक् आवाज येऊ लागला. भाच्यानं वेगवेगळ्या संगणकांना लावून पाहिली. मग ती एका दुकानात गेली. तिथल्या मुलानं चांगल्या हेतूनंच ती तिथल्या तिथं उघडली, बोटानं हेड बाजूला सारलं आणि पुन्हा चालू केली.

आमच्याकडे डिस्क आली तेव्हा आत दोन तबकड्या, म्हणजे चार पृष्ठभाग होते. त्यातले तीन चांगले होते. चौथ्यावर नजरेला दिसेल असा एक गोल ओरखडा होता आणि त्यावर बोटाचा ठसाही. आम्ही तबकड्या स्वच्छ केल्या आणि दुसऱ्या डिस्कची हेड बसवली. खरचटलेल्या पृष्ठभागावरचं हेड आधी न वापरता बाकीचे तीन वाचून घेतले. मग शेवटी चौथा, ओरखड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. जवळजवळ तीन आठवडे लागले. बहुतेक ओव्या पूर्ण मिळाल्या, काहींत मधे मधे खंड पडला. वीसेक ध्वनिमुद्रणं मिळालीच नाहीत; त्यांच्या जागेवरचा थर धूळ होऊन गाळणीत जमा झाला होता. सुदैवानं फाइलींच्या नावांची यादी चांगल्या भागात होती, त्यामुळं काय गेलं हे नेमकं सांगता येत होतं.

मी त्यांना म्हणालो, "बाई, एवढं मिळालं, एवढं नाही मिळालं." त्यांनी मिळालेल्याबद्दल काही न विचारता न मिळालेल्यांची यादी मागितली. ती वाचत वाचत त्या पेन्सिलनं एकेका नावापुढं खूण करू लागल्या. या गेल्या. या गेल्या. या आहेत अजून, मुलाकडे असतात, कराडला. खुणा करून झाल्यावर म्हणाल्या, "सहा जणी आहेत. परत जाऊन म्हणवून घेते." त्या गेल्याही. उरलेल्या बायकांचा आवाज मात्र आता कुठंच नाही. डिस्क पडली त्याच दिवशी ती बंद करून ठेवली असती, तर त्यातले बरेच आवाज वाचले असते, हे मी त्या दुकानातल्या मुलाला दोष द्यायला सांगत नाही. डिस्क उघडली तर काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी सांगतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण अवकाशातलं आहे. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्यात गेले, ते कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तुटून जळालं. त्यात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता आणि त्याची माहिती साध्या बाजारी, सुमारे ४०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर साठवली होती. यानाचे अवशेष शोधताना ती डिस्क एका कोरड्या पडलेल्या तळ्यात मिळाली. बाहेरून ती जळालेला लोखंडाचा गोळाच होती. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्या तबकड्या काढून, साफ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि ९९ टक्के माहिती परत मिळवली. तिच्या आधारावरचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. तबकड्यांचं नुकसान झालं होतं, पण ज्या भागात माहिती होती तो वाचला होता. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळालं नाही. आकाशातून जळत पडलेली डिस्क वाचते आणि टेबलावरून पडलेली वाचत नाही, यात दैवाचा भाग आहेच. पण पडल्यानंतर तिला कुणी हात लावला आणि कसा, याचाही मोठा भाग आहे.

म्हणून काही ऐकीव उपायांपासून दूर राहा. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली की चालते, असं सांगणारे लोक अजूनही भेटतात. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव साचतं आणि हेड त्या पाण्यातून धावतं. डिस्कवर चापट्या मारणं, ती हलवून बघणं, घरी उघडणं, यांतलं काहीच करू नये. आवाज करणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या डिस्कवर विंडोजची डिस्क तपासणी चालवू नये. ती तपासणी डिस्क धडधाकट आहे असं गृहीत धरून चालते, शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली कार्डांच्या खणांत नवं लिहून ठेवते. फाइल परत मिळवणारं सॉफ्टवेअर वापरायचं असेल, तर ते ज्या डिस्कमधून फाइल गेली तिच्यावरच उतरवून घेऊ नका. मिळालेल्या फाइलीही तिच्यावर साठवू नका. हरवलेल्या वस्तूवरच आपण नवी वस्तू आणून ठेवतो, असा तो प्रकार होतो.

पुराच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. २००५ साली मुंबईत, २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत, २०२१ साली चिपळुणात किती दुकानं आणि कार्यालयं पाण्याखाली गेली, हे आपण पाहिलं आहे. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बहुतेक डिस्कना एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी आत जातं. अशी डिस्क उन्हात वाळवावी, तांदळाच्या डब्यात ठेवावी असं साहजिकच मनात येतं. तसं करू नका. पाणी वाळलं की त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. डिस्क ओलसर असेल तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावी आणि वीज न लावता शक्य तितक्या लवकर जाणकाराकडे पोहोचवावी.

इथवर सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल बोललो. आजच्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. पडण्याधडपडण्याची भीती त्यामुळं खूप कमी. पण पुसलेल्या फाइलींच्या बाबतीत ती जास्त निष्ठुर आहे. फाइल डिलीट केली की संगणक एसएसडीला लगेच कळवतो की ही जागा आता नको, आणि एसएसडी सवडीनं ती जागा खरोखरच पुसून टाकते. ग्रंथालयातल्या शिपायानं कार्ड फाटताक्षणी पुस्तक रद्दीत घालावं, तसं. शिवाय ती पुष्कळदा पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते. दुसरी गोष्ट कुलुपाची. आजचे मोबाइल आणि अनेक लॅपटॉप सगळी माहिती सांकेतिक रूपात साठवतात. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ही सोय चांगलीच. पण किल्ली हरवली तर आम्हालाही फक्त सांकेतिक कचराच मिळतो. विंडोजच्या लॅपटॉपची अशी किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, कुठं ठेवली आहे हे आजच पाहून ठेवा.

काय मिळत नाही तेही स्पष्ट सांगतो. ज्या जागेवर नवं लिहिलं गेलं, तिथलं जुनं मिळत नाही. जो थर खरवडला गेला तो मिळत नाही. किल्ली नसलेलं कुलूप उघडत नाही. म्हणून फोनवरच 'शंभर टक्के काढून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. डिस्क तपासल्याखेरीज कुणालाच ते सांगता येत नाही. डिस्क देण्याआधी चार प्रश्न विचारा. तपासणीचे पैसे किती? काही मिळालं नाही तर काय द्यावं लागेल? डिस्क उघडण्याआधी मला विचाराल ना? माझी माहिती कोण पाहील, आणि काम झाल्यावर तुमच्याकडची नक्कल पुसाल ना? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. अहो, त्या डिस्कवर तुमचे बँकेचे कागद असतात, घरातल्या लेकीसुनांचे फोटो असतात. विचारलंच पाहिजे.

पूर्वसूचना मिळते का? कधी कधी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते आणि त्या पाहण्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खराब जागांचा आकडा वाढू लागला की डिस्क बदलावी. पण त्यावर विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या नोंदींत, तापमान सोडलं तर, आधी कोणताच इशारा नव्हता. म्हणजे डिस्क कधी जाईल हे न विचारता, ती जाणारच आहे असं धरून वागायला हवं.

वागायचं कसं, याचा एक सोपा नियम जगभर रूढ आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, नाही तर बहिणीच्या कपाटात. एकाच डिस्कवर दोन फोल्डरांत ठेवलेल्या प्रती ही एकच प्रत समजावी. मोबाइल आणि इंटरनेटवरची साठवण आपोआप सारखी होत असेल तर तीही पुरेशी नाही. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. आणि प्रत निघते आहे यावर विश्वास न ठेवता ती उघडून बघावी. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेनं त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रतींकडे धाव घेतली तर त्या काही काळापासून नीट निघतच नव्हत्या असं आढळलं. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका तान्ह्या बाळामुळं घरून काम करायच्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तिनं काम तारलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे भोवलं, ते आपल्याला भोवायला किती वेळ लागणार?

आज रविवार आहे, थोडी सवड असेल. जी गोष्ट पुन्हा तयार करता येणार नाही अशी आपल्याकडे कोणती आहे, याची यादी करा. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर त्यात येणार नाही; ते पुन्हा मिळतं. आईच्या आवाजातलं काही, मुलांचे लहानपणचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाच्या उधारीचे हिशेब, जमिनीच्या कागदांच्या प्रती, असं काहीबाही निघेल. ही यादी बहुधा फार लांब नसते, एखाद्या पेन ड्राइव्हमध्येही मावेल. तिची आणखी एक प्रत काढा, उघडून बघा आणि संध्याकाळी कुणाकडे जाणार असाल तर तिथं ठेवून या.